चौथीनंतर कुठे? विशेष गरजा असलेल्या मुलाची शाळा बदलताना

मे महिन्याच्या सुरुवातीला निकालपत्रक हातात पडते. शाळा चौथीपर्यंतचीच असेल तर पाठोपाठ शाळा सोडल्याचा दाखलाही मिळतो. इतर घरांत नव्या दप्तराची, नव्या गणवेशाची बोलणी सुरू होतात. ज्या घरातले मूल कमी ऐकते, उशिरा शिकते, स्वमग्न आहे किंवा ज्याला अक्षरे जुळवताना घाम फुटतो, त्या घरात मात्र एक वाक्य हळूच बोलले जाते, "आता घरीच राहू दे." मूल मुलगी असेल तर हे वाक्य आणखी लवकर येते. तिला शाळेतून कुणी काढलेले नसते. जुनी शाळा संपलेली असते आणि नव्या शाळेत तिची वाट पाहणारे कुणी नसते, एवढेच. दोन शाळांच्या मधल्या त्या दीड महिन्याच्या सुट्टीत मूल गळून जाते आणि त्याची नोंद कुठल्याच हजेरीपटावर राहत नाही.

आपल्या समाजात या गळतीला आणखी दोन वाटा फुटतात. एक म्हणजे, "शाळा जमत नसेल तर निदान मक्तबमध्ये बसू दे, दीन तरी शिकेल." मक्तब हवाच. पण मक्तब शाळेच्या जागी आला तर मूल दुपारी घरी परतते, नंतरचा सगळा दिवस रिकामा, आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्याच्याकडे ना हिशोबाचे ज्ञान असते ना कसले प्रमाणपत्र. दुसरी वाट जास्त अवघड आहे, कारण तिच्याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही. मोठ्या बहिणीचा रिश्ता यायचा असतो, म्हणून धाकट्याचे दिव्यांग प्रमाणपत्रच काढले जात नाही. "कागदावर आले की सगळ्या जमातीत बोभाटा होईल," असे दादी म्हणते आणि अब्बू गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची किंमत मुलाला पाचवीत, आठवीत आणि दहावीत तीनदा मोजावी लागते. प्रमाणपत्राशिवाय लेखनिक मिळत नाही, जादा वेळ मिळत नाही, भत्ता मिळत नाही.

शाळा बदलणे ही प्रवेशाची एका दिवसाची धावपळ समजली जाते. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी ते वर्षभराचे काम आहे आणि ते आधीच्या दिवाळीला सुरू व्हायला हवे. इंग्लंडमध्ये हे काम तारखेने बांधलेले आहे. ज्या मुलांचा विशेष गरजांचा शासकीय आराखडा असतो, त्यांना सप्टेंबरमध्ये माध्यमिक शाळेत जायचे असेल तर त्याच वर्षाच्या 15 फेब्रुवारीपर्यंत पुढच्या शाळेचे नाव आराखड्यात पक्के करण्याचे बंधन तिथल्या स्थानिक प्रशासनावर आहे. म्हणजे शाळा व पालक यांच्या हाती तयारीला सहा महिने उरतात. आपल्याकडे अशी तारीख सरकारने घालून दिलेली नाही. ती अम्मी-अब्बूंनाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहावी लागते.

पाचवीत नेमके काय बदलते?

चौथीपर्यंत मुलाला बहुधा एकच शिक्षक असतो. दिवसभर तीच आपा, तोच वर्ग, तीच बसण्याची जागा. मूल केव्हा थकले, केव्हा त्याला बाहेर फिरवून आणायचे, कोणत्या मुलाशेजारी बसवले की ते शांत राहते, हे सारे त्या एका आपांच्या डोक्यात असते. ते कुठेही लिहिलेले नसते. पाचवीला मूल हायस्कुलात गेले की दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा होते, शिक्षक बदलतो, विषय बदलतो. सात-आठ शिक्षकांपैकी एकालाही हे मूल माहीत नसते. जुन्या आपांच्या डोक्यातले चार वर्षांचे शहाणपण त्यांच्याच बरोबर जुन्या शाळेत राहते. खरे नुकसान इथे होते, अभ्यासक्रम अवघड झाला हे त्यानंतरचे कारण.

शिवाय भाषा. अनेक गावांत उर्दू शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असते आणि पुढे मराठी माध्यमाचे हायस्कूल गाठावे लागते. घरी कोकणी किंवा दखनी, मक्तबमध्ये अरबी, शाळेत उर्दू, मराठी, इंग्रजी. उर्दू-अरबी उजवीकडून डावीकडे, मराठी-इंग्रजी डावीकडून उजवीकडे. साधारण मूल हे पेलून नेते, किंबहुना त्यातून तरबेज होते. पण अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला एका लिपीत बसवलेली घडी मोडून दुसऱ्या लिपीत बसवायची असते. कर्णबधिर मुलाचा प्रश्न वेगळा आहे. त्याने उर्दू शब्दांच्या ओठांच्या हालचाली ओळखायला शिकलेले असते, आता त्याच अर्थाचे मराठी शब्द ओठांवरून नव्याने वाचायचे. म्हणून अशा मुलाचे माध्यम बदलायचे की नाही हा निर्णय "जवळची शाळा कोणती" एवढ्यावर घेऊ नये. उर्दू हायस्कूल दोन मैल लांब असेल तरी प्रवास भत्त्याची चौकशी करून तिथे पाठवणे कधी कधी जास्त सोपे ठरते. आणि माध्यम बदलणे अटळच असेल, तर तिसरीपासूनच रोज थोडे मराठी वाचन-बोलणे सुरू करावे. मे महिन्यात सुरू केलेली मराठी जूनला उपयोगी पडत नाही.

एक पान, आईच्या हातचे

या सगळ्यावर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी इलाज म्हणजे एक कागद. डॉक्टरांचा अहवाल वीस पानांचा असतो, तो शाळेत कपाटात जातो. वर्गात शिकवणाऱ्याला हवे असते एक पान, जे दोन मिनिटांत वाचून होईल. ते मुलाच्याच तोंडी लिहावे, चौथीच्या आपांसोबत बसून, मार्चच्या आत. आपांना विचारावे, "पहिल्या वर्षी तुम्हाला काय माहीत नव्हते, जे आज माहीत आहे?" उत्तर मिळेल ते लिहून घ्यावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचे पान असे होऊ शकेल.

"मला उजव्या कानाने जास्त ऐकू येते. मला डाव्या बाजूच्या दुसऱ्या बाकावर बसवा, म्हणजे तुम्ही माझ्या उजवीकडे असाल. फळ्याकडे तोंड करून बोललात तर मला कळत नाही. मी 'हो' म्हणते तेव्हा नेहमी समजलेले असतेच असे नाही, मला परत सांगायला लावा. पंख्याच्या आणि डब्याच्या आवाजात यंत्र त्रास देते, मी ते काढले तर रागावू नका. यंत्राची बॅटरी माझ्या कंपासपेटीत असते, ती मला बदलता येते. मला चित्रे काढायला आवडतात आणि पाढे पाठ आहेत. माझ्याशी बोलताना मुलींनी हात लावून बोलवावे, मागून ओरडू नये."

या पानात "बिचारी" असा एकही शब्द नाही, आणि तो असूही नये. तिला काय जमते ते आहे, काय करावे ते आहे. याच्या दहा झेरॉक्स काढाव्यात. प्रत्येक विषयशिक्षकाला एक, मुख्याध्यापकांना एक, रिक्षावाल्या मामूंना एक, मक्तबच्या मौलानांना किंवा आलिमा आपांना एक. मक्तब विसरू नये. तिथेही वर्ग बदलतो, उस्ताद बदलतात, आणि हळू पाठ करणाऱ्या मुलावर "लक्ष देत नाही" असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

कायदा काय देतो, आणि कुठे गाळात अडकतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 साली झाला. त्यात 21 प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमताही त्यात येतात, ही गोष्ट अजून पुष्कळ पालकांना ठाऊक नाही. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या मुलाला घराजवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याच्या कलम 31 ने दिला आहे. कलम 16 सांगते की सरकारने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या संस्थेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी कराव्यात. कलम 17 मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

आता आपल्या वाचकांसाठी महत्त्वाचा मुद्दा. शिक्षण हक्क कायदा 2009 अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. त्यामुळे आपल्याच समाजाच्या एखाद्या शाळेत "आम्हाला तो कायदा लागू नाही" असे उत्तर मिळू शकते, आणि त्या कायद्यापुरते ते बरोबरही असते. पण 2016 चा दिव्यांग कायदा वेगळा आहे. तो अनुदान आणि मान्यता पाहतो. तेव्हा वाद घालायचा असेल तर योग्य कायद्याचे नाव घेऊन घालावा. आणि खरे सांगायचे तर आपल्या अंजुमन आणि ट्रस्टच्या शाळांत हा वाद घालायची वेळच का यावी? सायन्स लॅबसाठी, नव्या मजल्यासाठी चंदा जमतो. एक उतार बांधायला, एक विशेष शिक्षिका नेमायला तो जमत नाही असे नाही. विषय बैठकीत कुणी काढत नाही.

कागदांकडे येऊ. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. अध्ययन अक्षमतेची तपासणी साधारण आठ वर्षांनंतर केली जाते. ते प्रमाणपत्र लहानपणी एकदा काढले की आयुष्यभर चालते असा समज चुकीचा आहे. पुढच्या वयात पुन्हा तपासणी करावी लागते, म्हणून मुदत पाहून ठेवावी. कमी ऐकणाऱ्या मुलांसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून आहे. हे जंग 1971 ते 1976 या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. तपासणी, श्रवणयंत्र, वाचा-उपचार हे सारे तिथे एका छताखाली होते.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, शहरांत महापालिकेच्या शिक्षण विभागात चौकशी करावी. समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्ता व प्रवास भत्ता आहे. दिव्यांग मुलींसाठी महिना 200 रुपये, वर्षात दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ताही आहे. रक्कम लहान आहे. पण भत्ता चालू असणे याचा अर्थ मुलीचे नाव यादीत आहे, आणि यादीत नाव असणे हीच मोठी गोष्ट. इथे एक बारकावा आहे. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत, म्हणजे यु-डायसमध्ये, मुलाच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला असावा लागतो. जुन्या शाळेने तो भरलेला आहे का हे दाखला घेण्यापूर्वी पडद्यावर स्वतः पाहावे. नव्या शाळेत जुलैमध्ये पुन्हा पाहावे. विशेष शाळेतून नेहमीच्या शाळेत किंवा उलट जाताना तर जास्त सावध राहावे, कारण राज्यात विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि बाकीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. एका विभागाचा कागद दुसऱ्याकडे आपोआप जाईल या भरवशावर राहू नये. सगळ्या कागदांची एक फाईल घरी ठेवावी, मूळ प्रती प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती शाळेत ठेवायला देऊ नये.

दिवाळी ते जून

दिवाळीच्या सुट्टीनंतर दोन-तीन शाळा पाहून याव्यात. आई किंवा वडील, शक्यतो दोघेही. मुलाला पहिल्या भेटीत नेऊ नये, त्याच्यासमोर "हा असा आहे, तसा आहे" अशी चर्चा होते आणि ते सगळे ऐकत असते. पाहायचे काय? शौचालयाला आतून कडी आहे का, आणि बाहेरून मोठ्या माणसाला उघडता येते का. पाचवीचा वर्ग कितव्या मजल्यावर आहे. मधल्या सुट्टीत मैदानावर कोण लक्ष ठेवते. मुलगी असेल तर एखादी शिक्षिका अशी आहे का, जिच्याकडे ती पाळीच्या वेळी जाऊ शकेल. हे विचारायला संकोच वाटतो, पण पाचवी-सहावीत पुष्कळ मुली याच एका कारणाने घरी बसतात. विशेष मुलीला तर हे आईने आधीच्या वर्षी चित्रांनी, बाहुलीने, पुन्हा पुन्हा समजावलेले असावे. कुणी कुठे हात लावू नये, लावला तर कुणाला सांगायचे, हेही त्याच शिकवणीत यावे.

जानेवारीनंतर मुख्याध्यापकांशी बोलणे पक्के करावे आणि मुलाला नव्या शाळेत तीन-चार वेळा न्यावे. पहिल्यांदा रविवारी रिकाम्या शाळेत, मग शाळा सुटण्याच्या वेळी, मग एखाद्या तासाला बसायला. रमजान सध्या याच सुमारास येतो. उर्दू शाळांची वेळ त्या महिन्यात बदलते, घरी सेहरीमुळे झोपेचे गणित बदलते. वेळापत्रकावर जगणाऱ्या स्वमग्न मुलाला या महिन्यात नवी शाळा दाखवली तर त्याच्या मनात चुकीची वेळ पक्की बसते. भेटी रमजानच्या आधी किंवा ईदनंतर ठेवाव्यात.

मे महिन्यात सराव. नवा गणवेश लवकर शिवून दोन-तीनदा धुवावा, कडक कापड आणि मानेवरचे लेबल काही मुलांना सहन होत नाही. मुलींच्या गणवेशात ओढणी किंवा स्कार्फ असेल तर घरी रोज अर्धा तास घालून पाहावा, पिनऐवजी शिवलेला स्कार्फ चालेल का हे शाळेला विचारावे. घंटेचा आवाज मोबाईलवर टिपून आणून हळू आवाजात ऐकवावा. रस्ता पायी चालून दाखवावा. फोटो काढून छोटी वही करावी: हे फाटक, हा जिना, हा नळ, ह्या तुझ्या बाई. गावाला नानीकडे जायचे असेल तर वही सोबत न्यावी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवस बसवण्याचा हट्ट नसावा. मधल्या सुट्टीपर्यंत, मग एक तास जास्त, असे वाढवता येते. मुख्याध्यापकांशी आधी बोललेले असेल तर त्याला सहसा हरकत नसते. मोठा भाऊ त्याच शाळेत असला तरी त्याच्यावर सगळी जबाबदारी टाकू नये. त्याला स्वतःची मैत्री, स्वतःची मधली सुट्टी असते. "तुझा भाऊ वेडा आहे" हे ऐकून घेणारा तोच असतो, त्याच्याशीही एकदा निवांत बसून बोलावे.

प्रवेश नाकारला तर तोंडी नकार घेऊन परत येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. पुढची पायरी गटशिक्षणाधिकारी किंवा महापालिकेचे शिक्षणाधिकारी. त्यानंतर पुण्याचे दिव्यांग आयुक्त. बहुतेक वेळा पोच मागितली की आवाज मवाळ होतो.

नववीत पुन्हा एकदा

दहावीच्या सवलतींसाठी दहावीची वाट पाहणे उशिराचे ठरते. तासाला 20 मिनिटे जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट यांचे प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातात आणि त्यासाठी चालू प्रमाणपत्र लागते. सरकारी रुग्णालयात तपासणीच्या तारखा लांबच्या मिळतात, म्हणून नववीच्या सुरुवातीलाच नंबर लावावा. राज्यात पाचवी आणि आठवीलाही आता वार्षिक परीक्षा आहे, आणि पुनर्परीक्षेतही मूल मागे राहिले तर त्याला त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हा जादा वेळ आणि लेखनिकाची सवय पाचवीपासूनच लावलेली बरी. लेखनिकाला सांगून लिहवून घेणे हे कसब आहे, ते मार्चच्या पहिल्या पेपराला येत नाही.

नियमित दहावी जमणार नाही असे दिसले तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. नोंदणी पाच वर्षे चालते, नऊ वेळा परीक्षेला बसता येते, विषय एकेक करून सोडवता येतात, आणि उर्दू व मराठी दोन्ही माध्यमे आहेत. हा पराभवाचा रस्ता समजू नये. हळू चालणाऱ्या मुलासाठी तो त्याच्या चालीचा रस्ता आहे. पुढे उच्च शिक्षणात सरकारी व अनुदानित संस्थांत 5 टक्के जागा राखीव आहेत आणि वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे.

अठरावा वाढदिवस मात्र आधीपासून मनात धरावा. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलाचे अम्मी-अब्बू कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच आपोआप पालक असतात. त्यानंतर बँक, मिळकत, रुग्णालय अशा ठिकाणी सहीचा प्रश्न उभा राहतो. राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो. याच न्यासाच्या निरामय योजनेत या चार प्रकारच्या दिव्यांगांसाठी एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे. दोन्ही अर्जांना तीच फाईल लागते, जी चौथीत असताना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली होती. मूल सतराव्या वर्षात आले की ती काढून एकदा पाहावी, फोटो नवा लावावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयात समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारून यावे.